उसनं गाव

मे महिन्यात आमच्या कट्ट्यावर दोनच विषय चालतात: टँकर कधी येणार आणि कुणाचं लग्न कुठल्या हॉलवर. परवा चीफने तिसराच विषय काढला आणि साडेसातला बसलेली मंडळी साडेदहापर्यंत हलली नाहीत. आठवतं तेवढं लिहून ठेवतोय, कारण दुसऱ्या दिवशी जो तो आपणच जिंकलो असं सांगत फिरत होता.

कट्टा वसईतल्या पापडीच्या तलावाकाठचा. चीफ म्हणजे मर्चंट नेव्हीतला चीफ इंजिनीअर, आमच्याच वर्गातला, बावीस वर्षं समुद्रावर. मास्तर इतिहासाचे, निवृत्त, पण तास घ्यायची सवय सुटलेली नाही. बाळ्याचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. मूळ संगमेश्वराकडचा, शिमग्याला गावी जाता आलं नाही तर आजारी पडतो. सिस्टर म्हणजे नन नव्हे, नर्स. चौदा वर्षं कुवेतला होती, आईसाठी परत आली. आणि मी, ज्याच्याकडे चहाची उधारी लिहिलेली असते.

तर १५ मेची संध्याकाळ. चीफ आला तोच तोंड पाडून. बसायच्या आधी फोन पुढे केला. व्हिडिओत एक अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंची घरं खालपासून वरपर्यंत पिवळ्या-गुलाबी-हिरव्या पानांनी झाकलेली, खाली मुंगी शिरणार नाही एवढी गर्दी, प्रत्येकाचा हात फोनसकट वर, आणि या सगळ्याच्या डोक्यावर एका मोबाइल कंपनीचं बॅनर.

“बघा. संपली फिएस्ता.”

“कुठली?” बाळ्या.

“लुकबानची. गावच्या संताचा सण. फिलिपाईन्स. केझोन प्रांत.”

“मग तू का सुतकात बसल्यासारखा बसलायस? तुझं आजोळ आहे का तिथे?”

सगळे हसले. चीफ नाही हसला. त्याला खरंच लागलं होतं. चहावाल्या काकांनी त्याच्यासमोर न सांगता डबल कटिंग ठेवलं, यावरून समजा.

मग त्याने पहिल्यापासून सांगायला घेतलं. २०११ साली तो बातांगास बंदरात साइन ऑफ झाला, म्हणजे बोटीवरची ड्यूटी संपवून उतरला. विमानाचं तिकीट चार दिवसांनंतरचं. बोटीचा बोसन, म्हणजे आपल्या जुन्या खलाशांच्या भाषेत सारंग, त्याच दिवशी उतरत होता. तो म्हणाला, चीफ, हॉटेलात बसून काय करणार? घरी चला. यंदा आमच्या गल्लीची पाळी आहे.

“कसली पाळी?”

“तेच सांगतोय. सान इसिद्रोची. हा शेतकऱ्यांचा संत. माद्रिदजवळ कुणाच्या तरी शेतावर राबणारा गडी होता. प्रार्थनेत रमायचा, आणि तोवर देवदूत येऊन त्याचा नांगर धरायचे, अशी कथा. १५ मे हा त्याचा दिवस. लुकबानला त्या दिवशी त्याची मिरवणूक निघते आणि ज्या रस्त्याने निघते, त्या रस्त्यावरची घरं आपापल्या पिकाने सजवतात. याला पाहियास म्हणतात. रस्ता मात्र दरवर्षी वेगळा. का, तर मान सगळ्या गल्ल्यांना मिळावा. तुझ्या दारावरून संत एकदा गेला की पुढची काही वर्षं वाट बघायची.”

“आमची पालखी बरी. दरवर्षी घरात येते,” बाळ्या म्हणाला.

“पूर्वी म्हणे लोक पीक घेऊन चर्चमध्ये यायचे. मग चर्च पुरेना. तेव्हा पाद्रीच बाहेर पडला आणि घरोघरच्या पिकावर पाणी शिंपडत निघाला.”

“हां, मग पालखीच की.”

ते घर चीफने असं उभं केलं की काकांनी स्टोव्ह बारीक केला. खिडक्यांना भाताच्या लोंब्यांची तोरणं. भिंतीवर मुळे, वालाच्या शेंगा, वांगी, भोपळे, नक्षीत बांधलेले. ताडपत्रासारख्या बुरीच्या पानांच्या टोप्या. त्या गावचा तो घरगुती धंदाच आहे. आणि सगळ्यावर किपिंग. तांदळाच्या पिठाची, पानाच्या आकाराची, काचेसारखी पातळ, रंगीत पापडी. शेकडो पापड्या ओवून केलेली झुंबरं छतापासून लोंबत होती. झुंबराला ते अरान्या म्हणतात. वारा आला की सगळं घर सळसळायचं. बोसनच्या आईने तीन आठवडे खपून ते केलं होतं आणि शेजारच्या सात घरांतल्या बायका मदतीला होत्या. मागे बानाहाव डोंगर, ढगात डोकं घातलेला.

“आणि मी दारात पाऊल टाकलं तर पोरं पळाली.”

“का?”

“मी बुंबाय ना!”

इथे त्याला थांबवून खुलासा मागावा लागला. फिलिपाईन्समध्ये कुठल्याही भारतीयाला बुंबाय म्हणतात. बॉम्बेवरून. पण तिथे गावोगाव दिसणारा बुंबाय असतो पंजाबी. मोटरसायकलवरून फिरतो, बाजारातल्या बायकांना, टपरीवाल्यांना बिनतारण पैसे देतो आणि रोज थोडे थोडे वसूल करतो. पाच घ्या, सहा परत करा. धंद्याचं नावच ‘फाइव्ह-सिक्स’. पोर जेवत नसेल तर आई सांगते, थांब, बुंबाय पोत्यात घालून नेईल.

“म्हणजे त्या गावात गेलेला पहिला खरा बुंबाय मीच असेन, वसईहून चर्चगेटची फास्ट पकडणारा,” चीफ म्हणाला, “आणि बोसनची आई मला बाजूला घेऊन विचारते, व्याज किती?”

बाळ्याने हसून हसून चहा सांडला. हा किस्सा आम्ही याआधी चार वेळा तरी ऐकला असेल, पण चीफ सांगतो तेव्हा दर वेळी सांडतो.

मग खाण्याचं आलं. मी ते आवरतं घेतो, नाहीतर हा लेख तिथेच संपेल. मुख्य गोष्ट एवढीच, की त्या दिवशी गावात कुणाच्याही घरात जायचं आणि जेवायचं. आमंत्रण लागत नाही, ओळख लागत नाही. दारातून हाक येते, ‘काइन तायो’, चला जेवू या. चीफ पाच घरांत जेवला आणि तिसऱ्या ताटाला कुणीतरी त्याचं नाव विचारलं. लसूण आणि व्हिनेगरच्या वासाची लाँगानिसा सॉसेजं. केळीच्या पानावर दिलेले पान्सित हाबहाब नावाचे नूडल्स. काटा-चमचा नाही, पान उचलायचं, तोंडाला लावायचं आणि ओढायचं. डुक्कर तर होतंच, अख्खं भाजलेलं, लेचोन म्हणतात ते. उरलेलं घरी बांधून न्यायचं; त्यालाही तिथे शब्द आहे, ‘शॅरन करणं’. एका लोकप्रिय गायिकेचं नाव शॅरन, तिच्या एका गाण्यात गुंडाळण्याची गोष्ट आहे, म्हणून. आणि संध्याकाळी लांबानोग. माडाची गाळलेली दारू, एकच पेला, सगळ्यांत फिरणारा.

“माडाची फेणी,” बाळ्या.

“तिची चुलत बहीण.”

“मग संपलं काय यातलं? व्हिडिओत तर सगळं दिसतंय.”

इथून वादाला तोंड फुटलं.

चीफ २०१९ ला पुन्हा गेला होता. त्याचं म्हणणं, आठ वर्षांत सगळं पालटलं. बसा भरभरून लोक मनिलाहून येतात, फोटो काढतात, निघून जातात. सजावट पैसे देऊन करून घेतलेली. घरासमोर दोर बांधलेला. दारातून हाक येत नाही, कारण हाक मारली तर दोनशे माणसं आत शिरतील. “मी एका घरासमोर उभा राहिलो, तर बाईने विचारलं, पार्किंग हवंय का? त्या पोरांचं भिऊन पळणं परवडलं.”

बाळ्याला हे अजिबात पटलं नाही. धंद्याचा माणूस. “दोनशे माणसांना तू जेवू घालशील? दोर बांधला तर काय चुकलं? आणि बॅनर लागलं म्हणतोस, त्या बॅनरवाल्याने लायटिंगचं बिल भरलं असेल. आमच्याकडे गणपतीत काय वेगळं आहे? गेटवर गुटख्याची जाहिरात, आत बाप्पा. बाप्पा जातो का उठून?”

“फिएस्ता वेगळी, फेस्टिवल वेगळा,” चीफ म्हणाला. “फिएस्ता संताची. नऊ दिवस नोव्हेनाची प्रार्थना, आदल्या रात्री बँड, दुसऱ्या दिवशी मिस्सा, मिरवणूक, जेवण, झोप. फेस्टिवल टुरिझमवाल्यांचा. पिसं लावून रस्त्यावर नाच, आणि परीक्षक खुर्चीत. आता प्रत्येक गावाने एकेक काढलाय. दागुपानला बांगुस माशाचा, जनरल सान्तोसला ट्यूनाचा, कामिगिनला लान्सोनेस फळाचा.”

“आमचा आंबा महोत्सव.”

“तेच! सेबूचा सिनुलोग बघ. सान्तो निन्योची, म्हणजे बाळ येशूची मूर्ती मॅगेलनने १५२१ साली दिलेली, भक्ती तेव्हापासूनची. पण ती रस्त्यावरची मोठी परेड १९८० ची. बाकोलोदचा मास्कारा, तोही १९८० चाच, त्याला तर कुठला संतसुद्धा नाही.”

आणि इथे चीफ स्वतःच्याच दोरात अडकला. बाळ्याने सहज विचारलं, मास्कारा का काढला? चीफ पडला प्रामाणिक. सांगून बसला. बाकोलोद उसाचा मुलुख. साखरेचे भाव कोसळलेले, मजुरांच्या घरात चूल पेटेना. त्यात त्या वर्षी एप्रिलमध्ये डॉन हुआन नावाची प्रवासी बोट एका टँकरशी टक्कर होऊन बुडाली आणि त्या भागातले कितीतरी लोक गेले. गावाने तेव्हा हसरे मुखवटे घालून नाचायचं ठरवलं.

“मग?” बाळ्या म्हणाला. “ज्यांच्या घरात माणसं गेली, त्यांनी हसरे मुखवटे लावले आणि तू म्हणतोस टुरिझमवाल्यांचा?”

चीफ गप्प. बोटी बुडण्याच्या बाबतीत तो विनोद करत नाही, आणि वादही फार ताणत नाही.

मास्तर इतका वेळ शेंगा सोलत होते. त्यांनी टरफलं कागदात गुंडाळली, म्हणजे आता तास सुरू. “तुम्ही दोघंही चुकीच्या टोकाने धरताय. जुनी फिएस्ता शुद्ध आणि नवी भ्रष्ट, असं नसतं. जुनीसुद्धा कुणीतरी काढलेलीच. स्पॅनिश लोक १५६५ ला तिथे पाय रोवतात तेव्हा माणसं नदीकाठाने, समुद्राकाठाने विखुरलेली. पाच-पंचवीस घरांच्या वस्त्या. अशा माणसांकडून कर कसा घेणार आणि धर्म कसा शिकवणार? मग त्यांना एकत्र आणून गावं वसवली. मधे चौक, चौकाला लागून चर्च, आणि चर्चच्या घंटेचा आवाज जाईल तेवढ्यात घरं. हे आपण होऊन कोण येईल? शेत सोडून? तेव्हा मिरवणूक, वाद्यं, दारूकाम, नाटक, जेवण. माणसांना घंटेखाली ओढून आणायला. तुझ्या डोळ्यांत पाणी आणणारी गोष्ट मुळात जनगणनेची सोय होती, चीफ.”

“मास्तर, तुम्ही कुठल्याही सणाची अशीच चिरफाड करता,” मी म्हणालो.

“करतो. आणि दुसरं, कर्ज. डुक्कर किती महिने पोसायचं, किती विकायचं आणि किती कापायचं? ज्याच्याकडे नाही, तो फाइव्ह-सिक्सवाल्याकडे जाणार. दारात बुंबाय बघून बोसनच्या आईने व्याज विचारलं, त्याचं तुम्हाला हसू आलं. मला नाही आलं. त्या तीन आठवड्यांचं उधार तिच्या डोक्यात असेल.”

सगळे एकदम गप्प झाले. चीफलाही बहुधा हे पहिल्यांदाच सुचलं असावं. त्याने तो किस्सा त्यानंतर सांगितलेला नाही. आता सांगेल की नाही, शंका आहे.

पण मास्तरांना शांतता सहन होत नाही. त्यांनी लगेच मलमपट्टी केली, तीही इतिहासाचीच. “बाकी तुझं ते गाव वाटतं तितकं परकं नाही हो. आपली वसई पोर्तुगीजांकडे १५३४ पासून. १५८० ला पोर्तुगालचं तख्त स्पेनच्या फिलिप राजाकडे गेलं. म्हणजे वसईचा किल्ला आणि मनिलाचा किल्ला, दोन्हीकडे एकच राजा. फिलिपाईन्स हे नाव त्याच फिलिपचं. त्या दिवसांत आपला एक वसईकर मनिलात होता.”

“गोन्सालो गार्सिया,” चीफ आणि सिस्टर एकदम म्हणाले. गासच्या चर्चवर ज्याचं नाव आहे, तो.

“तोच. बाप पोर्तुगीज, आई इथली. इथून जपानला गेला, व्यापार केला, मनिलात जाऊन फ्रान्सिस्कन संघात शिरला. १५९३ ला मनिलाहून पुन्हा जपान. १५९७ च्या ५ फेब्रुवारीला नागासाकीत क्रुसावर. आणि लुकबान, तायाबास, तो बानाहाव डोंगराखालचा सगळा पट्टा फ्रान्सिस्कनांचाच. अजून एक. तुझा तो सान इसिद्रो १६२२ साली संत झाला. त्याच दिवशी, त्याच समारंभात आणखी चार जणांना संतपद मिळालं. त्यातला एक फ्रान्सिस झेवियर, गोव्याचा.”

“म्हणजे बॅचमेट,” बाळ्या.

बाळ्याच्या या शब्दाला मास्तर स्वतः हसले, असं वर्षातून एकदा होतं.

चीफला मात्र हुरूप आला. “बघा, म्हणून मला ते गाव आपलं वाटलं. आणि तुम्ही म्हणता तुझं आजोळ आहे का!”

“मग आपल्या इथल्या सणाला का येत नाहीस?”

हा प्रश्न सिस्टरचा. तोवर ती ते एक नाव सोडून काही बोलली नव्हती. आईचं औषध घेऊन जाता जाता थांबली होती, पिशवी मांडीवर.

“मी बोटीवर असतो सिस्टर.”

“गेल्या वेळी घरी होतास. मला माहीत आहे, मी तुझ्या घरी विचारलं. तू म्हणालास गर्दी असते, पार्किंग मिळत नाही.”

कट्ट्यावर जी आरोळी उठली, ती तलावापलीकडे गेली असणार. चीफ लाल झाला. “अरे इथे काय राहिलंय? डीजे, डेकोरेशन, केटरर. आमच्या लहानपणी पहाटे बँड यायचा. आई रात्रभर वडे तळायची.”

“हो, रात्रभर तळायची,” सिस्टर म्हणाली. “तुला वड्याचा वास आठवतो. तिला काय आठवतं, विचार कधी. आणि ते लुकबानचं घर सळसळतं म्हणालास, तीन आठवडे कुणाचे गेले? बोसन तर तुझ्याबरोबर आदल्या दिवशी पोचला. तुम्हा दोघांनाही ताट वाढलेलं मिळालं. ज्याला ताट वाढलेलं मिळतं, त्याचा सण सुंदरच असतो.”

“मग सणच नको म्हण की,” बाळ्या जरा चिडून म्हणाला. शिमग्याला त्याच्या घरी पुरणपोळ्या कोण करतं, ते आम्हाला माहीत आहे.

“मी नको कुठे म्हणाले?” पिशवी बाजूला ठेवून ती नीट बसली. “माझ्या वॉर्डमध्ये एक होती. बोहोलची. बोहोल बेट माहीत असेल तुला, चीफ. तिथे मे महिनाभर फिएस्ताच. १ तारखेला ताग्बिलारानची, मग आज या गावाची, उद्या त्या. म्हणायची, मे महिन्यात बोहोलमध्ये घरी स्वयंपाक नाही केला तरी चालतं, रोज कुठेतरी दार उघडं असतं. २०१३ च्या भूकंपात तिच्या भागातली जुनी चर्चं पडली, दोन-तीनशे वर्षांची. पुढच्या मेमध्ये त्यांनी मांडव घालून मिस्सा केली, पण दिवस चुकवला नाही. ही तेव्हाही कुवेतला. मी तिला चौदा वर्षं ओळखते, त्यातला एकच मे ती घरी होती.”

“सुट्टी?”

“सुट्टी मिळायची. दोन वर्षांतून एकदा, आणि ती डिसेंबरात घ्यावी लागायची, मुलांची शाळा बघून. पण डुक्कर तिचं असायचं. दर वर्षी. एप्रिल उजाडला की ओव्हरटाइम मागून घ्यायची. भाऊ गावात डुक्कर निवडायचा आणि हिला फोनवर दाखवायचा. हिच्या पैशातून डुक्कर, हिच्या पैशातून भाड्याच्या खुर्च्या. तुम्ही बॅनरवाला बॅनरवाला म्हणताय ना? गावोगावचा खरा बॅनरवाला तो आहे, जो गावात नाही. त्याचं नाव कुठे लागत नाही एवढंच.”

मास्तर मधे बोलणार होते. परदेशातून तिथे दर वर्षी येणारा पैसा ३० अब्ज डॉलरच्या वर आहे, राष्ट्राध्यक्ष मार्कोसने १९७३ साली ‘बालिकबायान’ योजना काढून या लोकांना गावी यायला सवलती दिल्या, बालिक म्हणजे परतणं आणि बायान म्हणजे गावही आणि देशही, वगैरे. हे त्यांनी नंतर मला एकट्याला ऐकवलं. त्या वेळी सिस्टरने नुसता हात वर केला आणि ते थांबले.

“एका वर्षी तिची रात्रपाळी संपली आणि तिकडे जेवणाची वेळ. आम्ही नर्सिंग क्वार्टरमध्ये. तिने व्हिडिओ कॉल लावला. भाच्याने फोन टेबलावरून फिरवला. हे काल्देरेता, हा लेचे फ्लान, हे बिको, हे तुझं लेचोन, मावशी. सगळे ओरडतायत, हिला हाका मारतायत. हीसुद्धा ओरडतेय, मी पण. मग कुणीतरी पाहुणे आले असावेत. भाच्याने फोन फ्रूट सॅलडच्या भांड्याला टेकवून ठेवला आणि गेला. फोन सरकला. स्क्रीनवर छताचा पंखा. नुसता पंखा, आणि मागून आवाज, भांडी, हसणं, लांब कुठेतरी बँड. मी म्हटलं, कट कर, पुन्हा लाव. तिने नाही केला. वीस मिनिटं आम्ही दोघी तो पंखा बघत बसलो. मग ती उठली, तोंड धुतलं, झोपली. दुपारी उठून मला म्हणते, या वर्षी चांगली झाली ना फिएस्ता?”

काकांनी स्टोव्ह बंद केला होता, ते आत्ता लक्षात आलं. डास फार झाले होते.

बऱ्याच वेळाने बाळ्याने चीफला विचारलं, “तो बोसन आत्ता कुठे आहे?”

“सान्तोसला. ब्राझील. अँकरेजवर उभे आहेत, साखर भरायची आहे.”

“मग व्हिडिओ?”

“त्याच्या मुलीने त्याला पाठवला, त्याने मला. २०१९ नंतर त्याला एकही मे घरी मिळालेला नाही. २०२० ला तर कुणाला उतरूच देत नव्हते, आणि तिकडे फिएस्ताच बंद होती.”

“आणि तो काय म्हणाला, संपली फिएस्ता म्हणून?”

चीफने फोन काढला, वर सरकवला, वाचला. जरा ओशाळला. “नाही. त्याने लिहिलंय, बघ चीफ, या वर्षी किती गर्दी! आणि हसरे चेहरे.”

“गर्दी बघून त्याला आनंद झाला,” बाळ्या म्हणाला. त्याने ते टोमण्यासारखं म्हटलं नाही. तो बहुधा स्वतःच्या गावच्या, पालखी ठेवतात त्या सहाणेवरची गर्दी बघत होता. मग एकदम म्हणाला, “पण सिस्टर, तुमचं अर्धंच बरोबर. दुरून पैसे पाठवणाऱ्याचं दुःख मला कळतं, मीही वर्गणी पाठवतो. पण गावात राहणाऱ्यांना आम्ही नकोसे होतो, हेही खरं. दोन दिवस यायचं आणि सांगायचं, पूर्वी असं होतं, तसंच ठेवा. आमच्याकडे एकाने देवळाला पत्रा घातला तर मुंबईकरांनी केवढा दंगा केला. कौलं हवीत म्हणे, फोटोत बरी दिसतात. पाऊस कुणाच्या अंगावर गळतो? चीफ आत्ता तेच करतोय. त्याला दोर नको, पार्किंग नको. त्याला २०११ पाहिजे, तेही दुसऱ्याच्या खर्चाने.”

“दुसऱ्याच्याच तर खर्चाने गेलो होतो,” चीफ पुटपुटला.

यावर कोणी काय बोलणार? मास्तर म्हणाले, गोन्सालोसुद्धा परत आला नाही, पण वसईने त्याच्या नावाचं चर्च बांधलं. त्याला कुणी विचारलं नाही की वसई आता पूर्वीसारखी राहिली आहे का. या वाक्याचा नेमका अर्थ काय, यावर पुढे दहा मिनिटं गेली. ती मी गाळतो, कारण मास्तरांनाही तो नीट सांगता आला नाही.

मग चीफने पायाजवळची पिशवी उघडली. ती त्याने इतका वेळ का उघडली नव्हती, देव जाणे. दुःख साजरं करून झाल्यावर उघडायची असावी. मनिलाहून साइन ऑफ होऊन आलेल्या इथल्याच एका पोराबरोबर बोसनच्या घरच्यांनी पाठवलेला पुठ्ठ्याचा डबा. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली किपिंग. गुलाबी, पोपटी, हळदी रंगाची पानं, शिरांसकट. दिव्याखाली धरलं तर बोट आरपार दिसत होतं.

“हे मी दिवाणखान्यात लावणार.”

सिस्टरने एक हातात घेतलं, उलटं केलं, पाठीवरच्या शिरा बोटाने चाचपल्या. “तांदूळ भिजवून वाटायचे?”

“हो.”

“पातळ पीठ. खऱ्या पानावर पसरायचं, वाफवायचं, पान सोलून काढायचं, मग वाळवायचं?”

“तुला कसं माहीत?”

“अरे, या फेण्या आहेत! आई करायची की उन्हाळ्यात. गच्चीवर वाळत घालायची आणि कावळे राखायला मला बसवायची. रंग तेवढा नाही घालायची.”

मास्तर म्हणाले, दाखव. बाळ्याने बघण्याआधी तुकडा मोडून तोंडात टाकला आणि थुंकला. “कच्ची आहे.”

“फेणी कच्ची कोण खातं? तळायची असते.”

“तळायची नाही!” चीफ उठून उभा राहिला. “शोभेची आहे. बोसनच्या आईने केलेली आहे, ती आता ऐंशीच्या पुढे आहे.”

“तिथे तळून खातात का नाही, ते सांग,” सिस्टर.

“…खातात. फिएस्ता झाली की उतरवतात आणि तळतात.”

“आज तारीख काय? तिकडे वाजले किती?”

भारतापेक्षा मनिला अडीच तास पुढे. म्हणजे तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती. १६ मे लागली होती.

काकांनी काही न बोलता स्टोव्ह पुन्हा पेटवला आणि वड्याची कढई चढवली. चीफने दोन पानं बाजूला काढून शर्टाच्या खिशात ठेवली आणि बाकीचा डबा पुढे सरकवला. पहिली पापडी तेलात पडली, क्षणभर आक्रसली आणि दुप्पट फुलली. गुलाबी रंग फिका पडला. चीफने त्याचा व्हिडिओ काढला आणि सान्तोसला पाठवून दिला. तिकडे दिवसाउजेडी बोसन डेकवर असणार, लगेच उत्तर येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. आलं.

“काय म्हणतो?”

“‘माय सुका बा?’”

“सुकं? कसलं सुकं?”

“सुका म्हणजे व्हिनेगर. विचारतोय, व्हिनेगर आहे का.”

काकांकडे चिंचेची चटणी होती, सॉस होता, व्हिनेगर नव्हतं. सिस्टरने पिशवीतून घराची किल्ली काढून बाळ्याकडे फेकली. “फ्रिजच्या वर, डाव्या हाताला, हिरवी बाटली. आईला उठवू नकोस.” बाळ्याने स्कूटरला किक मारली. ती तिसऱ्या किकला लागली. तोवर काकांनी दुसरी पापडी झाऱ्यावर धरून ठेवली होती.